काळ्या रेघेखालची शाळा

मंगळवारी सकाळी दहा वाजून सहा मिनिटांनी फूटपट्टी बाई एका अहवालातल्या घर-क्रमांकावर काळं करत होत्या. डाव्या हाताखाली स्टीलची पट्टी, उजव्या हातात जाड टोकाचं काळं पेन. पट्टी आकड्यांच्या डोक्याला टेकवायची, एक रेघ. पायाला टेकवायची, दुसरी. मग मधली जागा भरायची. सव्वीस वर्षांच्या नोकरीत अशा किती रेघा मारल्या, हे कुणी मोजलेलं नाही. पण केंद्रातल्या लोकांनी त्या पट्टीवरून त्यांना नाव ठेवलं आणि ते इतकं रुळलं की नवीन माणसाला त्यांचं खरं नाव हजेरीपत्रकात शोधावं लागतं. बाईंना याचा राग नाही. "पट्टी सरळ असते, तुमच्यासारखी नाही," एवढंच त्या म्हणतात.

हे कौटुंबिक सल्ला केंद्र एका जुन्या इमारतीच्या तिसऱ्या मजल्यावर आहे. खाली दातांचा दवाखाना, त्यामुळे जिन्यात कायम लवंगेच्या तेलाचा वास. वर दोन खोल्या, एक काउंटर आणि आतून कडी लागणारी एक छोटी खोली. मार खाऊन, धमक्या ऐकून घर सोडलेल्या बायका इथे येतात. केंद्र त्यांना जागा शोधून देतं, मुलांची शाळा बदलून देतं आणि मुलांच्या ताब्याचा खटला उभा राहिला की कोर्टाला अहवाल देतं. त्या अहवालाची एक प्रत नवऱ्यालाही द्यावी लागते. मूल कसं आहे, जेवतंय का, शिकतंय का, हे कळण्याचा बापाला हक्क आहे. ते कुठे आहे हे कळण्याचा, कोर्टाने बंदी घातली असेल तर, नाही. म्हणून काळं करायचं.

काळं करण्याची पद्धत बाईंनीच घालून दिलेली. मूळ अहवालाची झेरॉक्स काढायची. त्या झेरॉक्सवर पेनने काळं करायचं. मग त्या काळ्या केलेल्या कागदाची पुन्हा झेरॉक्स काढायची आणि ती दुसरी झेरॉक्स बाहेर द्यायची. काळा केलेला कागद फायलीतच राहतो. कारण शाई कितीही दाट असली तरी खालची अक्षरं तशीच असतात. कागद तिरका धरला की ती चकाकतात, उजेडासमोर धरला की उमटतात. दुसऱ्या झेरॉक्समध्ये मात्र काळं ते काळंच.

ही पद्धत येण्याआधी, बाईंच्या नोकरीच्या चौथ्या वर्षी, एका सहकाऱ्याने पत्ता खोडलेला कागद तसाच हातात दिला होता. अकराव्या दिवशी नवऱ्याने बायकोला गाठलं. ती जगली, तिचा उजवा हात कोपरात सरळ होत नाही. बाई तिला बघायला हॉस्पिटलात गेल्या होत्या आणि परतीच्या वाटेवर त्यांनी ही पट्टी विकत घेतली. नव्या लोकांना शिकवताना त्या हा प्रसंग दर वेळी सांगतात. सहकाऱ्याचं नाव सांगत नाहीत.

हातातल्या अहवालाला कालच्या पुढचा जावक क्रमांक द्यायला बाईंनी कालची फाइल उघडली. मूळ अहवाल जागेवर होता. त्याच्यामागे काळा केलेला कागद हवा होता. तोही होता, असं पहिल्यांदा वाटलं. पण रेघ सपाट दिसत होती. बाईंनी अंगठा फिरवला. काळ्या पेनाची शाई दुसऱ्या दिवशीही जराशी चिकट लागते. ही कोरडी होती. त्यांनी कागद उलटा केला. ते पेन मागच्या बाजूला नेहमी जांभळट झिरपतं.

मागची बाजू पांढरीशुभ्र होती.

फायलीत झेरॉक्स होती. म्हणजे काळा केलेला कागद बाहेर गेला होता.

बाई खुर्चीत बसलेल्याच होत्या, तरी त्यांनी टेबलाची कड धरली. काळ्याखाली एकच ओळ होती: मुलीच्या नव्या शाळेचं नाव, इयत्ता दुसरी, तुकडी ब.

फाइल एका घड्याळजीच्या खटल्यातली. त्याची बायको शिलाईकाम करते. सात वर्षांच्या मुलीला घेऊन पाच महिन्यांपूर्वी तिने घर सोडलं. पहिली जागा घड्याळजीने एका औषधाच्या पुडीवरच्या शिक्क्यावरून शोधून काढली. दारात उभा राहून त्याने आरडाओरडा केला नाही. शेजाऱ्यांना ऐकूही जाणार नाही इतक्या हळू म्हणाला, की पुढच्या वेळी फक्त मुलीला नेईन, आणि तू शोधत बसशील. त्यानंतर केंद्राने तिला दुसरी जागा आणि मुलीला दुसरी शाळा दिली. दोन्ही ठिकाणी त्याने जायचं नाही असा कोर्टाचा हुकूम होता. पण ठिकाण माहीत असेल तर हुकूम म्हणजे एक कागदच.

"काय झालं, ताई? पांढऱ्याफटक पडलात." काउंटरवरचा कारकून चष्म्यावरून बघत होता.

"काल साडेचारला मशीन कोण चालवत होतं?"

"मीच. तापलं होतं ना ते. दोन कागद अडकून एकदम बाहेर आले, दोन्ही तुमच्या हातात दिले."

बाईंना आठवलं. दोन कागद, दोन्ही गरम. काउंटरच्या पलीकडे घड्याळजी, इस्त्रीचा शर्ट, हात मागे बांधलेले. "सावकाश, बाई, मला घाई नाही," असं तो म्हणाला होता. सकाळपासून दोन जण अंगावर ओरडून गेले होते. हा तिसरा इतका सभ्य, की बाईंना बरं वाटलं होतं. त्या बरं वाटण्यात त्यांनी कागद उलटा करून बघितला नाही.

त्यांनी कारकुनाला सांगितलं. तो दोन मिनिटं पेनचं टोपण काढत-लावत राहिला.

"अहो, कोण बघतंय उजेडाला धरून? निम्मे लोक तर जिन्यातच चुरगाळून टाकतात. खालचा दातवाला रोज शिव्या घालतो मला."

"तो घड्याळजी आहे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून खसखशीएवढा स्क्रू बघतो."

कारकुनाने खुर्ची पुढे ओढली. मग हळूच म्हणाला, "असं करू. मी फोन लावतो. शिक्का चुकलाय, कागद बदलून घेऊन जा, म्हणतो. खोटं बोलायचं माझ्यावर सोडा. अठरा वर्षं बायकोला सांगतोय, सिगारेट सोडली."

"आणि त्याने अजून बघितला नसेल, तर फोन ठेवल्या ठेवल्या बघेल."

तेवढ्यात फोन वाजला. कारकुनाने उचलला आणि एक शब्द न बोलता रिसीव्हर बाईंपुढे धरला.

"नमस्कार, बाई," घड्याळजी म्हणाला. त्याच वेळी त्याच्यामागे घड्याळं वाजायला लागली, एकामागून एक, साडेदहाचा एकेक ठोका. तो ती संपेपर्यंत थांबला. "माफ करा. सगळी एकदम वाजावीत म्हणून किती खटपट करतो, पण दोन-तीन मागे राहतातच. सुनावणी गुरुवारीच ना?"

"गुरुवारीच. अकराला."

"बरं. कालचा अहवाल वाचला. फार नीट लिहिता तुम्ही. पोरीला गणित आवडतं, हे वाचून बरं वाटलं." जरा थांबून तो म्हणाला, "रेघासुद्धा पट्टी लावून मारता का हो?"

"हो."

"तेच म्हटलं," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला.

यातून काय समजायचं? बाईंनी ती तीन-चार वाक्यं मनात पुन्हा पुन्हा लावून बघितली. कौतुक म्हणून घ्यावीत, तर कौतुक होतं. धमकी म्हणून घ्यावीत, तर पुरावा काहीच नव्हता. सव्वीस वर्षांत ओरडणारे, टेबल आपटणारे, दारू पिऊन जिन्यात झोपणारे नवरे त्यांनी हाताळले होते. त्यांची भीती दिवसाबरोबर संपते. या माणसाचा आवाज कधी चढलाच नव्हता.

दहा वाजून चाळीस मिनिटांनी त्या प्रमुखांच्या खोलीत गेल्या. प्रमुख मॅडम वयाने बाईंपेक्षा पंधरा वर्षांनी लहान. काळं करायला बाईंकडेच शिकलेल्या. त्यांनी सगळं ऐकलं, दार लावून घेतलं.

"त्याने वाचलं, असं तो म्हणाला?"

"नाही."

"मग आपल्याला माहीत काय आहे? एक कागद चुकीचा गेला. एवढंच."

"तिला सांगायला हवं. आत्ता."

"आणि ती आत्ताच्या आत्ता पळेल. मागच्या वेळी पळाली तेव्हा नऊ दिवस आपल्यालासुद्धा सापडली नव्हती. गुरुवारी कोर्टात नाही आली, तर ताबा त्याला. मग तुमच्या खऱ्याचं काय लोणचं घालायचं?" मॅडम पुढे झुकल्या. "शुक्रवारी सांगू. तोपर्यंत मी शाळेत फोन करून ठेवते, लक्ष ठेवा म्हणून."

"शाळेत कुणाला? ती तिथे लपून शिकतेय, हे आणखी चार जणांना कळणार."

"बाई, तुमच्या चांगल्यासाठी सांगतेय. पद्धत तुमची, चूक तुमची, सही तुमची. चौकशी बसली तर तुमच्यावरच बसेल. निवृत्तीला दोन वर्षं राहिलीत. गुरुवार पार पडू दे, मग बघू."

बाईंना हे पटलं. मॅडमचं म्हणणं वेडंवाकडं नव्हतं. सुनावणी चुकली तर ताबा जाईल, हे खरंच होतं. पण ते फार पटकन पटलं होतं. ज्या कारणामुळे आपण स्वतः सुटतो ते दोनदा तपासून घ्या, असं त्याच नव्या मुलींना सांगायच्या आणि मुली मान डोलवायच्या. मान डोलावणं किती सोपं असतं, ते आज कळत होतं.

"पोरगी तिची," त्या म्हणाल्या. त्यांचाच आवाज त्यांना बारीक वाटला. "पळायचं की थांबायचं, हे तिने ठरवायचं. तिचं गुपित आपण बाहेर सोडलं. आता तिला अंधारात ठेवून तिच्या वतीने ठरवायचंही आपणच?"

"मी नको म्हणतेय, बाई."

"तसं लिहून ठेवा. नको म्हटलं तरी मी गेले, तेही लिहा."

पावणेअकराला त्या जिना उतरल्या.

शिलाईवाली एका कारखान्यात शाळेचे गणवेश शिवते. तिथे कामाच्या वेळात सगळ्यांचे फोन दाराजवळच्या पत्र्याच्या पेटीत ठेवावे लागतात. बाईंनी बसथांब्यावरून चारदा फोन लावला. पेटीत वाजत राहिला. बसमध्ये त्या मागच्या बाकावर बसल्या, म्हणजे चढणारा-उतरणारा प्रत्येक जण दिसेल. मग एक विचार सुचला. तो फोन कशासाठी होता? आपण घाबरून उठावं, आणि उठून नेमकं तिच्याकडे जावं, म्हणून तर नव्हे?

केंद्राचा नियम आहे: कुणाच्या घरी किंवा कामावर जायचं तर दोन थांबे आधी उतरायचं, चालत जायचं, एकदा मागे वळायचं. एरवी हा नियम नाटकी वाटतो. आज उशीर होत असूनही बाई दोन थांबे आधी उतरल्या. एका वह्यापुस्तकांच्या दुकानात शिरल्या, खोडरबर बघत उभ्या राहिल्या, दुसऱ्या दाराने बाहेर पडल्या. मागे कुणी नव्हतं. एक राखाडी शर्टवाला माणूस रस्ता ओलांडत होता. तो सरळ निघून गेला, तरी पुढच्या चौकापर्यंत त्या मागे बघत राहिल्या.

कारखान्यात पोचल्या तेव्हा अकरा वाजून अडतीस मिनिटं झाली होती. चौदा मशिनी एकदम चालू. शिलाईवाली पाठमोरी बसून शर्टाच्या कॉलरी जोडत होती. बाईंना बघून तिने पायडलवरचा पाय उचलला.

"तुम्ही? तुम्हीच म्हणाला होतात, कामावर कधी येणार नाही म्हणून." आणि लगेच, "बुटकीला काय झालं?" मुलीला ती घरात बुटकी म्हणते.

"काही नाही झालं. जरा बाजूला या."

निळ्या शर्टांच्या थप्प्यांमागे दोघी उभ्या राहिल्या. बाई सगळ्यांना 'तुम्ही' म्हणतात, अगदी अठरा वर्षांच्या पोरींनाही. तो त्यांचा नियम. आज त्याचा आधार वाटला.

"माझ्याकडून चूक झालीय. तुमच्या नवऱ्याला काल जो कागद दिला त्यात शाळेचं नाव आहे. काळ्या शाईखाली आहे, पण आहे."

"उजेडाला धरलं तर दिसेल?"

"दिसेल."

"मग दिसलं," शिलाईवाली म्हणाली. "माझी वही, दुकानाची पावती, पोरीचं प्रगतिपुस्तक. काहीही हातात घेतलं की तो आधी उजेडाला धरायचा, मग वाचायचा." तिच्या हातात कात्री होती, ती तिने थप्पीवर ठेवली, मग उचलून ॲप्रनच्या खिशात घातली. "किती वाजता दिलात?"

"काल साडेचारला."

"आणि तुम्हाला कळलं कधी?"

"आज दहाला."

"दहाला! आता पावणेबारा होतायत. एवढा वेळ काय करत होता? रेघा मारत?"

"बाकी वेळ रस्त्यात गेला. पण अर्धा तास ठरवत होते."

"काय ठरवत होतात?"

"सांगायचं की नाही."

शिलाईवालीने त्यांच्याकडे असं बघितलं की बाईंना वाटलं, ही आता थोबाडीत देईल. त्यांनी मान खाली घातली नाही. द्यायची असेल तर नेम चुकू नये, एवढंच तेव्हा मनात आलं.

"चला," ती म्हणाली.

शाळा तिथून चालत दहा मिनिटांवर. शिलाईवाली जवळजवळ पळत होती, बाई धापा टाकत मागे. फाटकावरच्या रखवालदाराने आधी आडकाठी केली: "सुटी साडेबाराला. मधेच न्यायचं तर हेडबाईंची चिठ्ठी लागते." हेडबाईंच्या खोलीबाहेरच्या बाकावर दोघी बसल्या. शेजारच्या वर्गात सातचा पाढा चालला होता, तीस गळ्यांनी.

बरोबर बाराला बाईंचा फोन वाजला. केंद्राचा असेल, या समजुतीत त्यांनी न बघता उचलला; अहवालाखाली सहीशेजारी आपला नंबरही असतो, हे तेव्हा आठवलं नाही.

"बाई," घड्याळजी म्हणाला, "केंद्रात आहात?"

बाईंनी फोन कानापासून जरा लांब धरला, म्हणजे शिलाईवालीलाही ऐकू यावं. "नाही. कामासाठी बाहेर आहे."

"मीही बाहेरच आहे. तुमची एक वस्तू माझ्याकडे आलीय, ती द्यायची होती. परत कधी येणार?"

"चारपर्यंत."

"मग चारला येतो." तो थांबला. शेजारच्या वर्गात सात आठे छप्पन्न झालं. "मुलं किती छान म्हणतात पाढे," तो म्हणाला. "सावकाश या."

बाईंनी फोन बंद केला. शाळेच्या व्हरांड्यात बसून त्याचा फोन उचलला, ही दुसरी चूक. पहिलीला निदान तापलेल्या मशीनचं कारण होतं.

शिलाईवाली भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत होती. "तो दुकानात नाहीये," ती म्हणाली. "बारा वाजले आणि मागे एकही घड्याळ वाजलं नाही. सतरा आहेत ठोके देणारी. सात वर्षं त्या दुकानाच्या वर झोपलेय मी. बाराला भांडी हलायची."

त्यानंतर बाईंना बरंच काही तुकड्यातुकड्यांनी आठवतं. हेडबाईंचा प्रश्न: "काही अडचण?" शिलाईवालीचं उत्तर: "हिची आजी आजारी आहे." आणि दारातून आलेली मुलगी. भेटी घेणाऱ्या मुलींच्या टिपणांवरून बाईंनी तिच्यावर अकरा पानं लिहिली होती. तिला बघत होत्या पहिल्यांदाच. एक मोजा खाली घसरलेला, पुढचे दोन दात पडलेले.

"आई, माझा डबा वर्गात राहिला."

"राहू दे."

"त्यात झाकण नवीन आहे."

"बुटके, राहू दे म्हटलं ना!"

पुढच्या फाटकाने जायचं नाही, हे कुणी कुणाला सांगितलं नाही. मागे पाण्याच्या टाकीपाशी एक लहान दार होतं, तिथून गल्लीत निघता येतं. गल्ली सरळ होती आणि रिकामी. रिकामी गल्ली बरी की गर्दीची, हे बाईंना ठरवता येईना. टोकाला एक रिक्षा उभी होती. शिलाईवालीने आधी वाकून आतला माणूस बघितला, मग मुलीला बसवलं, आणि स्वतः न बसता वळली.

"लिहून द्या."

"काय?"

"हेच. तुम्ही दिलंत म्हणून. आत्ता, तुमच्या हातचं, सहीनिशी. गुरुवारी मी कोर्टात येणार. पोरीला नवी जागा का शोधली, असं तिथे विचारतील. तेव्हा मी वेडी ठरेन, नाहीतर हा कागद दाखवेन."

बाईंनी वही काढली. गल्लीतल्या भिंतीवर टेकवून लिहिलं: 'सोमवारी दुपारी साडेचार वाजता माझ्या हातून मुलीच्या शाळेचं नाव वाचता येईल असा कागद वडिलांना दिला गेला. ही चूक माझी आहे. आईला हे मी मंगळवारी पावणेबाराला सांगितलं.' खाली पूर्ण नाव, हुद्दा, तारीख. लिहिताना त्यांना माहीत होतं की आपल्याविरुद्धच्या चौकशीतला पहिला पुरावा आपण स्वतः तयार करतोय. तरी अक्षर लागण्यासारखं आलं.

शिलाईवालीने तो कागद घेतला आणि दुपारच्या उन्हात वर धरला. "खाली काही नाही ना?" म्हणाली. हसली नाही.

"नवी जागा ठरली की केंद्राला..."

"नाही," ती म्हणाली. "केंद्राला नाही. तुम्हाला तर नाहीच. मला काही सांगायचं असेल तर मी वकिलांना सांगेन." रिक्षात बसताना ती थांबली. "आलात, ते बरं केलंत. पण पुन्हा येऊ नका."

रिक्षा गेली. कुठल्या दिशेने वळली, ते बघायचं नाही म्हणून बाई भिंतीकडे तोंड करून उभ्या राहिल्या.

चार वाजता, एक मिनिट इकडे नाही की तिकडे नाही, घड्याळजी केंद्राच्या दारात उभा होता. इस्त्रीचा शर्ट, हातात प्लॅस्टिकचं पारदर्शक पाकीट, त्यात काळा केलेला कागद. एकही घडी न पाडलेला.

"हा तुमच्या फायलीतला दिसतोय," तो म्हणाला. "झेरॉक्सऐवजी चुकून हा आला. मागे शाई उतरलीय बघा, त्यावरून लक्षात आलं. म्हटलं, तुमची पंचाईत व्हायला नको."

"आभारी आहे."

"मी उजेडाला धरला नाही हो," तो म्हणाला.

उजेडाचं नाव कुणी काढलं नव्हतं. काउंटरमागे कारकुनाचा शिक्का हातातच राहिला. बाईंनी पोचपावतीचं पुस्तक ओढलं आणि लिहायला सुरुवात केली. मान वर केली तर चेहरा दिसेल, म्हणून गरजेपेक्षा हळू लिहिलं. दुपारी बाराला तुम्ही कुठे होतात, हा प्रश्न जिभेवर होता. तो विचारणं म्हणजे स्वतः कुठे होतो हे सांगणं.

"दुपारी शाळेत होतात का तुम्ही?" त्यानेच विचारलं. "पाढे ऐकू येत होते."

"बऱ्याच शाळांत जावं लागतं."

"खरंय. कामच तसं तुमचं." पावती त्याने वाचली, तारीख तपासली, खिशात ठेवली. "गुरुवारी भेटूच."

तो जिना उतरला. तिघंही, दारापाशी आलेल्या मॅडमसुद्धा, खालचं दार लागल्याचा आवाज येईपर्यंत हलले नाहीत. तो आवाज यायला नेहमीपेक्षा वेळ लागला.

"आणून दिला ना परत?" मॅडम म्हणाल्या. त्यांचा आवाज त्यांच्या शब्दांइतका निर्धास्त नव्हता. "तुम्ही उगाच तिला पळवलंत, बाई."

"मॅडम," कारकून म्हणाला, "माझं सिगारेटचं पाकीट बायकोने असंच परत आणून दिलं होतं एकदा. मोजून."

मॅडम आपल्या खोलीत परतल्या.

घड्याळजीने ते नाव वाचलं होतं का, हे केंद्रात कुणालाच सांगता येत नव्हतं. रखवालदाराला विचारलं तर साडेबाराला फाटकाशी चाळीसेक पालक होते, सगळे शर्टपँटमधले. मॅडमनी पाच वाजता वरिष्ठ कार्यालयाला पत्र पाठवलं. त्यात बाईंची चूक होती, मनाई असताना त्या गेल्या हे होतं. आणि बाईंनी आग्रह धरला म्हणून, आईला कळवू नका असं मॅडमनीच सांगितलं होतं हेही होतं. बाईंनी ते वाचून एका ठिकाणी वेळ दुरुस्त केली आणि परत दिलं.

सहाच्या बसने घरी जाताना त्या दोन थांबे आधी उतरल्या. घरी जायला हा नियम नाही. तरी त्या चालल्या, दोनदा मागे वळल्या, आपल्या इमारतीवरून एकदा पुढे जाऊन परत आल्या. सव्वीस वर्षं बायकांना हे शिकवलं. स्वतःच्या दारासाठी करायची वेळ आज आली.

त्यांचा नवरा प्रयोगशाळेत मदतनीस आहे. तो रोज एकच प्रश्न विचारतो आणि त्याला रोज एकच उत्तर मिळतं, "बरा." हिच्या पोटात गेलेली गोष्ट म्हणजे समुद्रात पडलेली सुई, असं तो पाहुण्यांना सांगतो.

"कसा गेला दिवस?"

"चुकले," बाई म्हणाल्या. "कडी लावलीस का?"

त्याने त्यांच्याकडे बघितलं आणि उठून वरचीही कडी लावली.

बाईंची चौकशी उद्या, बुधवारी अकराला आहे. शिलाईवाली आणि मुलगी कुठे आहेत, हे केंद्रातल्या कुणालाही माहीत नाही. शाळेची पहिली घंटा सात वाजून चाळीस मिनिटांनी होते. दुसरी 'ब'च्या पटावर बत्तीस नावं आहेत. उद्या सकाळी हजेरी एकतीस जणांची लागेल.